कुलरवर पाट फुकट

"कुलर डोक्यावर," बसलिंगप्पा म्हणाला, "आन् भोंगा तुझाच."

"कबूल. कुठून कुठपर्यंत?"

"माझ्या दुकानापासून मारुतीच्या पारापर्यंत. बाजाराच्या दिवशी, भरदुपारी. चोरून न्हाई."

पिराजीनं मनातल्या मनात रस्ता मोजला. दुकान ते पार म्हणजे दोनशे पावलं. मध्ये एक चढ आणि एक उघडी गटार. बसलिंगप्पाचं पोट त्याच्या पायांच्या अर्धं पाऊल पुढं चालायचं, त्यामुळं त्याला गटार दिसणं अवघडच. पैज झकास होती. पिराजीनं टाळी दिली आणि कट्ट्यावर बसलेल्या चौघांना साक्षीदार करून टाकलं.

पैज अशी होती. पिराजीनं त्या दिवशी सकाळी ग्राहक आयोगात कुलर कंपनीवर तक्रार ठोकली होती. बायकोच्या हाताची भरपाई तर मागितली होतीच, वरून दंडात्मक भरपाई मागितली होती. म्हणजे नुकसान भरून देणं वेगळं आणि जाणूनबुजून केलं म्हणून शिक्षेचा दणका वेगळा. हा दणका कुलरच्या किमतीहून एका रुपयानं जरी जास्त बसला, तर कुलर बसलिंगप्पाच्या डोक्यावर. नाही बसला, तर पिराजीच्या.

बसलिंगप्पाचं लातूरच्या त्या गल्लीत तीस वर्षांपासून किराणा दुकान होतं आणि त्याचं मत त्याच्या तराजूसारखं एका जागी रोवलेलं होतं. माल खराब निघाला तर बदलून द्यावा. लईच झालं तर दवाखान्याचा खर्च द्यावा. त्याच्यावर आणखी दंड म्हणजे व्यापाऱ्याचं वाटोळं. "उद्या माझ्या तुरीच्या डाळीत खडा निघाला अन् कुणाचा दात पडला," तो म्हणाला, "तर दाताचे पैसे देतो. पण माझं दुकानच काढून देऊ का त्याला?"

"खडा निघाला तर तुला माफ हाय आप्पा," पिराजी म्हणाला. "पण खडा हाय हे मालूम असून तू वरून गुळाचा खडा फुकट देऊन इकलंस, तर?"

बसलिंगप्पाला हे काही कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच, कारण खरं तर ते तेव्हा पिराजीलाही पुरतं कळलेलं नव्हतं. तो नुसता तोंडाला येईल ते बोलत होता. ती त्याची जुनी खोड.

पिराजीचा ऑटो होता आणि ऑटोवर भोंगा होता. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, कुणाची म्हैस हरवली, कुणाचं पोरगं निवडणुकीला उभं राहिलं, सगळं लातूरला पिराजीच्या आवाजात कळायचं. बाकी वेळात तो त्याच आवाजानं लोकांना बनवायचा. एकदा त्यानं चौकात पुकारलं होतं की जो आपल्या सासूला घेऊन येईल त्याला बसलिंगप्पाच्या दुकानात किलोभर साखर फुकट. संध्याकाळपर्यंत चाळीस सासवा जमल्या. त्यातल्या दोघी आपापसांत भांडल्या, एकीला चक्कर आली आणि बसलिंगप्पाला साखर वाटावी लागली. महिनाभर तो पिराजीशी बोलला नाही. मग करमेना म्हणून बोलला.

दोन उन्हाळ्यांआधी 'गारझुळूक' नावाच्या कुलरची जाहिरात पिराजीकडं आली होती. कारखाना नांदेडचा, एजन्सी लातूरची. आठ दिवस तो गल्लोगल्ली ओरडला: "गारझुळूक कुलर घ्या, लाकडी पाट फुकट घ्या!" मजुरीच्या बदल्यात त्यानं स्वतःलाही एक कुलर कमी भावात पाडून घेतला. पत्र्याचा, निळा, बसलिंगप्पाएवढा रुंद. सोबत पाट. पाट इतका देखणा होता, लाल काठाचा, वर पितळी फुलं ठोकलेला, की पिराजीच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, तो पाहुण्यांना जेवायला बसायला ठेवून दिला. गल्लीत ज्यांनी ज्यांनी कुलर घेतले त्यांनी तेच केलं. कुणाच्या पाटावर नवरीची हळद लागली, कुणाच्या पाटावर बाळाची आंघोळ झाली. कुलर मात्र सगळ्यांचे लोखंडी स्टँडवर.

तर हा कुलर चावायचा. अंगठ्याला झिणझिण्या येतील इतपत. पिराजीला हे कळलं आणि त्याचा उन्हाळा सार्थकी लागला. घरी येईल त्याला तो म्हणायचा, जाळीला हात लावून बघा, किती गार हाय. पाहुणा हात लावायचा, बेडकासारखा उडायचा आणि पिराजी गडाबडा लोळायचा. मेहुण्याला उडवला तेव्हा बसलिंगप्पानं मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं आणि पिराजीनं ते सगळ्या ग्रुपवर टाकलं. "पाव्हणं, थंडी वाजली का?" असा पिराजीचा आवाज त्यात स्वच्छ ऐकू यायचा.

चांगुणाबाई रोज म्हणायची, मिस्त्री बोलवा. पिराजी रोज म्हणायचा, उद्या.

नवव्या दिवशी कुलरमध्ये पाणी टाकताना तिचा ओला उजवा हात जाळीला चिकटला. पिराजी तेव्हा ऑटोवर एका बुटाच्या सेलचं पुकारत होता. शेजारच्या बाईनं लाकडी दांडक्यानं तो हात सोडवला. जीव वाचला. हात राहिला, पण तळवा जळाला आणि अंगठ्याशेजारची तीन बोटं कधीच पुरती मिटली नाहीत.

चांगुणाबाई दोन खानावळींना रोज शंभर भाकरी थापून द्यायची. वीस वर्षं तिच्या हाताचा पट्-पट् आवाज हा त्या घराच्या घड्याळाचा आवाज होता. तो थांबला. आता पिराजी भाकरी थापायचा. त्याची भाकरी नकाशासारखी व्हायची, एक बाजू जाड, एक फाटलेली. ती गुमान खायची. मिस्त्रीचा विषय मात्र तिनं पुन्हा काढला नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. तिनं भांडण केलं असतं तर पिराजीनं काहीतरी चावट बोलून वेळ मारून नेली असती. न बोललेल्या गोष्टीवर चावट काय बोलणार?

तक्रार केल्यावर पंधरा दिवसांनी वकील पुनम घरी आली. बिलोलीकडची पोरगी, तिशीतली, बोलणं थोडकं. घरात खुर्ची एकच, आणि तिच्यावर कपड्यांचा ढीग. चांगुणाबाईनं डाव्या हातानं पाट मांडला. पुनम बसली, जखमेचे कागद पाहिले आणि उठताना पाटाकडं बघत राहिली. पाटाच्या कडेला छापलं होतं: गारझुळूक, सप्रेम भेट.

"काका, कुलरवाले पाट कशाला देतात?"

"स्कीम होती की. मीच तर ओरडलो."

"पंख्यावर बल्ब देतील, साडीवर ब्लाउज देतील. कुलरवर पाट?"

पिराजीनं हसायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आयुष्यभर त्यानं लोकांना फुकटची वस्तू दाखवून खड्ड्यात पाडलं होतं. कुणीतरी न मागता काही दिलं की आधी बुडाखाली बघावं, हे त्याला नाही कळणार तर कुणाला? लाकडी पाट. लाकडातून करंट जात नाही. कुलरला हात लावताना पायाखाली घ्यायचा. कंपनीला कुलर चावतो हे माहीत होतं. त्यांनी वायर दुरुस्त केली नाही, पाट दिला. आणि पाट का दिला हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर कुलर कुणी घेतला असता?

"आयला," पिराजी हळूच म्हणाला. "माझ्याहून इब्लिस निघाले."

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं नांदेडला गेला. लातूरच्या एजन्सीतून कुलर बसवायला येणारा संगमेश त्याला आठवत होता. नोकरी सोडून त्यानं नांदेडला वायरिंगचं दुकान टाकलं होतं. पिराजीनं तिथं जाऊन आधी अर्धा तास भलत्याच गप्पा मारल्या, दोनदा चहा पाजला, आणि मग सोबत पिशवीतून आणलेला पाट काउंटरवर ठेवला. संगमेशनं पाट उलटा करून पाहिला.

"तीन उन्हाळे वाटले आम्ही हे," तो म्हणाला. "कारखान्यातून चिठ्ठी आलती. शॉकची तक्रार आली तर कुलर परत घ्यायचा न्हाई, पाट द्यायचा. मग तक्रारी लई झाल्या, तसं सगळ्यांनाच आधी देऊन टाकायला लागले. कुणी विचारलं तर भेट म्हणायचं."

"वायर काहून न्हाई बदलली?"

"अर्थिंगची तार आन् चांगला पंप, दीडशे रुपये जास्त लागत होते. पाट चाळीसला पडायचा."

चिठ्ठी त्यानं जपून ठेवली होती. का, ते त्यालाही सांगता येईना. साक्ष द्यायला मात्र तो तयार होईना, धंदा नांदेडातच करायचा होता. पिराजी तीनदा गेला. तिसऱ्या वेळी तो चांगुणाबाईला घेऊन गेला. संगमेशच्या बायकोनं चहाचा कप पुढं केला आणि चांगुणाबाईनं सवयीनं उजवा हात पुढं करून परत मागं घेतला. संगमेश म्हणाला, तारीख सांगा, येतो.

प्रकरण जमत आलं होतं. मग कंपनीच्या वकिलानं आपल्या उत्तरासोबत मेहुण्याच्या उडीचं शूटिंग जोडलं. पिराजीनंच गावभर वाटलेलं, ते फिरत फिरत तिकडं पोचलं होतं. म्हणणं सरळ होतं: तक्रारदाराला कुलर शॉक देतो हे माहीत होतं, त्यानं त्याचा तमाशा केला, दुरुस्ती केली नाही, म्हणजे अपघात त्याच्यामुळं झाला.

त्या संध्याकाळी बसलिंगप्पानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि पिराजीला आत बोलावलं. शूटिंग त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. त्यात निळा पत्रा दिसत होता, कंपनीचं नाव दिसत नव्हतं. तो म्हणाला, मी शपथेवर सांगतो की हा माझ्या दुकानातला जुना कुलर हाय. निळाच होता. मोडीत गेला. कोण बघायला येतंय?

"आन् पैज?" पिराजीनं विचारलं. "मी जिंकलो तर तुलाच कुलर उचलावा लागंल की."

"उचलतो की मग. वहिनीच्या हातापुढं माझं डोकं काय लई महाग हाय?"

पिराजीला या माणसाच्या गळ्यात घातलेल्या चाळीस सासवा आठवल्या आणि त्यानं बरणीतली दोन चॉकलेटं उचलून खिशात टाकली. पुनमनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं: खोटं बोला असं मी सांगणार नाही. खरं बोललात तर तुमच्या भरपाईतला मोठा वाटा कापला जाईल, हे सांगणं माझं काम आहे.

तो घरी गेला. परातीत पीठ घेतलं, भाकरी थापली. ती फाटली. चांगुणाबाई दारात बसून बघत होती. आता विचारेल, असं त्याला वाटलं. तिनं फक्त डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, पीठ घट्ट झालंय म्हणून.

तारखेला आयोगापुढं आधी संगमेश बोलला, चिठ्ठी दाखवली. मग कंपनीचा वकील उभा राहिला. आवाज गोड. त्यानं चिठ्ठीवर फार जोर लावला नाही, तो दंडावर बोलला. बाईंच्या हाताबद्दल आम्हाला खेद आहे, योग्य ती भरपाई ठरवा. पण दंडाला काही माप हवं की नको? कुलर आठ हजारांचा आणि दंड मागतात पाच लाखांचा. असे दंड बसायला लागले तर उद्या कुणीही उठेल, कुलरला हात लावेल आणि माडी बांधेल. माझ्या अशिलाकडं चाळीस कामगार आहेत, त्यांच्या चुली कुणी पेटवायच्या? दंड द्यायचाच असेल तर वस्तूच्या किमतीची मर्यादा घाला.

यातलं बरंचसं पिराजीला पटलं, आणि पटलं म्हणूनच त्याला राग आला. मागच्या बाकावर बसलिंगप्पा मान डोलवत होता.

पुनम उठली. ती म्हणाली, माप हवं, मान्य आहे. पण किमतीचं माप घातलं तर कंपनी दंडाचाही हिशेब पाटासारखाच धरेल. दहा हजार कुलर विकायचे, दोघा-चौघांना आठ-आठ हजार द्यायचे, तार न घालून वाचलेले पैसे त्याहून कितीतरी जास्त. मग हा दंड कसला? हा तर धंद्याचा खर्च झाला.

त्यानंतर पिराजीची उलटतपासणी. वकिलानं मोबाइल समोर धरला. पाव्हणं, थंडी वाजली का? आयोगाच्या खोलीत पिराजीचं ते जुनं हसणं खणखणीत वाजलं. चांगुणाबाई खाली बघत होती.

"हा आवाज तुमचा?"

"माझाच."

"हा कुलर कोणता?"

मागं बसलिंगप्पा खाकरला. पिराजीनं मागं पाहिलं नाही.

"हाच. गारझुळूक. माझ्या घरातला."

"म्हणजे शॉक बसतो हे तुम्हाला माहीत होतं."

"हाव. आठ दिवस मालूम होतं. ही म्हणायची मिस्त्री बोलवा. मी रोज उद्या म्हणायचो, कारण मला मजा येत होती." आयुष्यात पहिल्यांदाच माणसं त्याचं बोलणं हसायच्या तयारीत न बसता ऐकत होती. "साहेब, माझी भरपाई कापा. कापायलाच पायजे. माझी शिक्षा तशीबी मला दोन टायमाला ताटात भेटती, भाकरी मीच थापतो. पण मला आठ दिवस मालूम होतं, ह्यांना तीन उन्हाळे मालूम होतं. ह्यांची शिक्षा कुठं बसून जेवती, ते मला सांगा."

वकील म्हणाला, म्हणजे पाच लाखांसाठी हे सगळं.

"मला नको ते. माझ्या खिशात टाकूच नका, मग माडीचा सवालच न्हाई. कुठंबी टाका. पण पडला पायजे, आन् दुखला पायजे."

निकाल चार महिन्यांनी लागला. दंडाला मर्यादा असावी हे आयोगानं मान्य केलं, पण ती वस्तूच्या किमतीची नसावी, दोष किती जाणून आणि किती काळ लपवला याच्या मापानं असावी, असं लिहिलं. दंडात्मक भरपाई दोन लाख, ती ग्राहक कल्याणाच्या निधीत जमा करावी. विकलेल्या सगळ्या कुलरांना कंपनीनं स्वखर्चानं अर्थिंग करून द्यावं. आणि चांगुणाबाईच्या हाताची जी भरपाई ठरली, ती निम्मी कापली. घरात धोका माहीत असून दुर्लक्ष झालं, दोष निम्मा तक्रारदाराचा, असं कागदावर आलं. पुनमनं वाचून दाखवलं तेव्हा पिराजीनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. कंपनी वरच्या आयोगात जाईल, असंही तिनं सांगितलं. जाऊ द्या, पिराजी म्हणाला, आपला ऑटो तिथंबी जातो.

रविवारी बाजार गच्च भरला होता. बसलिंगप्पा धुतलेलं धोतर नेसून आला. कपाळाला भस्म, डोक्यावर टॉवेलची घडी. कुणीतरी हलगी आणली होती. चौघांनी निळा कुलर उचलून त्याच्या डोक्यावर दिला आणि त्यानं दोन्ही हातांनी तो धरला. पिराजीनं ऑटो चालू केला, त्याच्या चालीनं शेजारून हळूहळू चालवायला घेतला आणि भोंग्यावर पावलं मोजायला लागला. एक. दोन. तीन. "बघा बघा, आप्पांचा माल आज घरपोच." भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. गटारीपाशी त्यानं मोठ्यानं इशारा दिला, कारण बसलिंगप्पाला ती खरंच दिसत नव्हती. ब्याण्णव. त्र्याण्णव. चढ लागला तसा बसलिंगप्पाचा चेहरा लाल झाला, पण तो थांबला नाही.

शंभराव्या पावलाला पिराजीचं घर होतं. चांगुणाबाई दारात उभी होती. पिराजीनं ऑटो बंद केला आणि खाली उतरला.

"ठेव आप्पा."

"काहून? पार तिकडं हाय." बसलिंगप्पाला धाप लागली होती. "पैज माझी हाय, मी पुरी करणार."

"आयोगानं निम्मा दोष माझा लिवलाय. निम्मा रस्ता माझा."

"पैजेत असं न्हवतं."

"पैजेत न्हवतं. कागदावर हाय."

लोक हसले. पिराजीची आणखी एखादी नक्कल असणार असं त्यांना वाटलं. मग त्याचं तोंड पाहिलं, आणि हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. चौघांनी कुलर खाली घेतला. पिराजी वाकला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या डोक्यावर काहीच नाही.

चांगुणाबाई आत गेली आणि जुनं लुगड्याचं फडकं घेऊन बाहेर आली. तिनं ते पीळ देऊन गोल करायला घेतलं. घागरीखाली ठेवायची चुंबळ तिनं लहानपणापासून हजारदा वळली होती. उजव्या हाताची बोटं मिटली नाहीत, पीळ सुटला. पुन्हा वळली, पुन्हा सुटला. सगळा बाजार बघत होता. तिनं फडक्याचं एक टोक बसलिंगप्पापुढं केलं.

"धरा, आप्पा."

बसलिंगप्पानं टोक घट्ट धरलं. तिनं डाव्या हातानं पीळ भरला, चुंबळ वळली, टोक आत खोचलं आणि पिराजीच्या डोक्यावर ठेवून तळव्यानं दाबून बसवली. मग चौघांनी कुलर उचलला. पिराजीची मान एकदा आत गेली, पाय जरा रुंद झाले.

"जड हाय?" तिनं विचारलं.

"हाय."

"मग सावकाश चला." आत वळत ती म्हणाली, "भाकरीला पीठ मी भिजवून ठिवते."

बसलिंगप्पानं ऑटोतला माइक काढून हातात घेतला. त्याला काय बोलावं हे ठाऊक नव्हतं, कारण या गल्लीत भोंग्यावर आजवर एकच माणूस बोलत आला होता. त्यानं माइकवर दोनदा बोट आपटलं, पिराजीच्या पायांकडं पाहिलं आणि पाऊल पडल्यावर म्हणाला, "एकशे एक."